उजवा कणकेचा, डावा हौसेचा

केलेलं काम दिसलं की ते फसलं, हा आमच्या धंद्याचा कोथरूडमधला पहिला नियम. मी तिथे वीसेक वर्षं पार्लर चालवलं, एका सोसायटीच्या तळमजल्यावर, पिठाची गिरणी आणि झेरॉक्सवाला यांच्या मधोमध. फेशियल करून निघालेली बाई दारातच रुमालानं चेहरा टिपायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, "छे हो, आज झोप छान झाली." केस काळे करून घेणारी बजावून सांगायची, "थोडे पांढरे राहू द्या वसुधाताई, उगाच केल्यासारखं दिसायला नको." तासभर खपायचं आणि काही केलंच नाही असं दाखवायचं, या कलेत मी चांगली मुरले होते. त्यामुळे नखं वाढवून द्यायचा धंदा कधी माझ्या दारात येईल असं मला वाटलंच नव्हतं. बाकी सगळं लपवता येतं. वाढवलेलं नख लपत नाही. ते समोरच्याला आधी दिसतं आणि बाई नंतर दिसते.

तरी नखं आली. फॅशनमुळे नाही, कल्पनाच्या दातामुळे आली.

कल्पना वाघोलीची. तिकडे शेतं होती तेव्हापासून माझ्याकडे कामाला यायची, दोन बस बदलून. भुवया कोराव्यात तर तिनंच. ज्यांनी हे काम जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. भुवया कोरताना दोऱ्याला पीळ देतात, दोरा दोन्ही हातांत असतो आणि त्याचं एक टोक दातांत धरलेलं असतं. मान पुढे-मागे होते, पिळात केस अडकतो आणि मुळासकट निघतो. गिऱ्हाईक डोळे मिटून "आई गं" म्हणतं, म्हणून त्याला वाटतं दुखतं ते त्यालाच. पण दिवसभर मान हलवायची कोरणारीनं, आणि दोरा फिरायचा तिच्या दातावरून. विहिरीच्या काठाला दोरानं खाच पडते ना, तशी कल्पनाच्या पुढच्या दाताला पडली होती. मग मान धरली. उजवा हात बधिर व्हायला लागला. गणपती झाल्यावर मी तिला डॉक्टरकडे घेऊन गेले, तर डॉक्टर म्हणाले, "मान हवी असेल तर दोरा सोडा."

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "ताई, दोरा सोडला तर माज्या हातात ऱ्हातंय काय?"

"दुसरं काम कर. फोन घेत जा."

"आपल्याकडं ज्येचा हात कोरडा त्यो फोन घेतोय. त्याला येगळं मानूस कशाला?"

हे खरंच होतं. वॅक्सिंगला वाकावं लागतं, केसांना हात वर धरून मान तिरकी करावी लागते. दोन्ही तिला बंद. तिनं स्वतःच तोडगा काढला. वाघोलीत कॉलेजच्या मुलींचं एक हॉस्टेल होतं, तिथे पोळ्या लाटायला बाई हवी होती. "तुळशीचं लगीन झालं की जाते तिकडं," म्हणाली. म्हणजे पोळपाटावर वाकून पुन्हा मानच मोडायची, आणि केसभर चूक न करणारे ते हात कणकेत घालायचे. भुवया कोरणारी दुसरी मिळाली असती. मला कल्पनाच हवी होती. पण असं तोंडावर म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही, म्हणून मी म्हटलं, "बघू. तोवर टॉवेल धुवायला टाक."

नखांचं काम बसून होतं. टेबल योग्य उंचीचं असेल तर मान सरळ राहते. दातांचा संबंध नाही, सगळा खेळ बोटांचा आणि नजरेचा. हे डोक्यात आलं आणि मी सौंदर्यप्रसाधनं पुरवणाऱ्या एका कंपनीच्या माणसाला बोलावलं. तरुण होता, टाय लावून आला, आणि बॅगेतून काढून चार प्रकार माझ्या टेबलावर मांडले. प्रत्येकाला तो 'सिस्टिम' म्हणत होता.

"मॅडम, चारही ठेवा. क्लायंटला चॉइस पाहिजे."

"अहो, कोथरूडच्या बाईला चॉइस दिला तर ती चारही नावं विचारून घेते, घरी जाऊन विचार करते आणि चार महिन्यांनी फक्त भुवया करायला येते. एक सांगा."

एक सांगणं त्याच्या नोकरीत बसत नव्हतं. मग निवड माझ्यावर आली. एकच टेबल मावत होतं आणि एकच बाई शिकणार होती. हे टेबल चाललं तर कल्पना राहणार, नाही चाललं तर तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नसराईत ती पोळ्या लाटणार, इतका सरळ मामला होता.

चारांची ओळख करून देते. पहिलं अ‍ॅक्रिलिक. एका वाटीत पूड, एका वाटीत पाण्यासारखं द्रव. ब्रश द्रवात बुडवून पुडीला लावला की टोकावर मण्याएवढा गोळा येतो, तो नखावर बसवून पसरायचा. हवेत आपोआप दगड होतो. मजबूत, पण वास असा की डोळ्यांत पाणी यावं. दुसरं जेल. मधासारखं दाट, वास नाही, आणि दिव्याखाली हात धरल्याशिवाय घट्ट होत नाही, त्यामुळे करणारीला घाई नाही. तिसरं डिप. नखाला चिकट थर लावायचा आणि बोट सरळ रंगीत पुडीच्या डबीत बुडवायचं. चौथी तयार टिपा. अख्खं नखच घडवलेलं मिळतं, आपल्या नखावर चिकटवलं की झालं.

कंपनीची बाई येऊन कल्पनाला शिकवून गेली. सरावासाठी एक रबरी बोट देऊन गेली. ते कल्पनानं फडक्यात गुंडाळून घरी नेलं, तर तिच्या सासूबाईंनी ते भीतीनं दाराबाहेर फेकलं. मग सराव माझ्या हातावर सुरू झाला. कारण माझंही ठरलं होतं, की जे नख माझ्या स्वयंपाकघरात टिकणार नाही ते मी कुणाला विकणार नाही. कंपनीच्या पुस्तकात नखांची परीक्षा कशी घ्यायची ते लिहिलेलं होतं, पण त्यात कुठे मेथी निवडणं नव्हतं.

उजव्या हाताच्या अंगठ्याला अ‍ॅक्रिलिक, पहिल्या बोटाला जेल, मधल्याला डिप, अनामिकेला तयार टीप. करंगळी तशीच. आमचे हे बँकेतून निवृत्त झालेले, त्यांना बघायला भरपूर वेळ. ते म्हणाले, "करंगळीनं काय घोडं मारलंय?"

"तुलनेसाठी ठेवली आहे."

"आणि डावा हात?"

"डाव्याला काय काम असतं?" मी म्हटलं आणि कणीक भिजवायला घेतली.

टीप पहिल्याच कणकेत सुटली. कुठे गेली कळेना. सगळी कणीक पुन्हा उलगडून पाहिली तेव्हा ती पार तळाशी सापडली. यांनी त्या दिवशी भात मागितला. डिप टिकलं, पण फोडणी करताना हळद लागली आणि मधलं बोट काविळीचं दिसायला लागलं. शिवाय डिपच्या डबीचा एक वेगळाच घोटाळा झाला. मी ती गिऱ्हाइकांना दाखवली तर एकजात सगळ्यांचा पहिला प्रश्न, "म्हणजे यात आधी दुसरीनं बोट बुडवलेलं असणार?" मी पूड निर्जंतुक कशी राहते ते सांगायला लागले. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "असेल हो. पण उष्टंच की ते." संपला विषय. डिप बाद.

अ‍ॅक्रिलिकचा अंगठा मात्र काही केल्या हटत नव्हता. लोणच्याच्या बरणीचं झाकण त्यानं उघडलं, गॅसच्या बटणामागचा मेचट त्यानं खरवडला. पण त्याच्या वासानं पहिल्या मजल्यावरचे काका खाली आले. दारात उभं राहून म्हणाले, "बांधकाम चाललंय का?"

"नाही हो, नखं चालली आहेत."

"अस्सं. किती मजली?"

जेलला वास नव्हता आणि हळदही फारशी लागत नव्हती, पण लांब केलं की भात कालवताना त्याच्याखाली आमटी जायची. तेच अ‍ॅक्रिलिकचंही. तिकडे कल्पनानं आपल्या उजव्या हाताला जेलची लांब नखं लावून भाकरी थापली, तर भाकरीवर पाच खुणा उमटल्या. सासूबाई म्हणाल्या, "भाकरीवरनं मांजर गेलं व्हय गं?" तिनं दुसऱ्या दिवशी येऊन मला ते सांगितलं आणि आधी हसली, मग आपल्या नखांकडे बघायला लागली. "ताई, बायकास्नी जेवायचं असतंय, रांधायचं असतंय. कोन घेनार ही नखं? मी हॉस्टेलला हो म्हनून टाकते."

"सायलीचं लग्न होऊ दे," मी म्हटलं.

सायली आमची पहिली आणि एकुलती एक नोंदणी. शाळेत असल्यापासून माझ्याकडे केस कापायला यायची, आता खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत होती. तिला नखं लांब हवी होती, बदामाच्या आकाराची, फोटोत मेंदीबरोबर उठून दिसतील अशी. इतकी लांबी टिकवायची तर अ‍ॅक्रिलिक, असं टायवाला म्हणाला. मी एक हुशारी केली. हळदीच्या आधी नखं केली असती तर पिवळी पडली असती, म्हणून हळद लागून नवरी न्हाल्यावरच कल्पनाला तिच्या घरी नेलं. काकांना वास नको आणि नखांना हळद नको. कल्पनानं इतकं नाजूक काम केलं की मीच बघत राहिले. दहाच्या दहा एका मापाची. मला वाटलं, झालं, आता कार्यालयात सगळ्या बायका बघतील आणि रांग लागेल.

लग्न कर्वे रस्त्यावरच्या एका कार्यालयात होतं, वरपक्ष साताऱ्याचा. नऊवारी नेसवायला आणि अंबाड्याला मी, हाताखाली कल्पना. वधूपक्षाच्या निम्म्या बायका माझी गिऱ्हाइकं. म्हणजे जे होईल ते त्यांच्या डोळ्यांदेखत होणार होतं. लग्न लागलं, सप्तपदी झाली, पंगती उठायला लागल्या आणि सायलीची आत्या खोलीत आली.

या कुमुदआत्या म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्या आल्या की मोठी माणसंसुद्धा उगाच ताठ बसत. त्यांनी सायलीच्या तळहातावर सुपारी ठेवली. "आता खेळ आहेत. मूठ वळ बघू."

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांनी नीट ऐका, कारण पुढचं सगळं या मुठीवर आहे. लग्न लागल्यावर नवरा-नवरीचे खेळ होतात. नवरी उजव्या मुठीत सुपारी घट्ट धरते आणि नवऱ्यानं एका हातानं, तेही डाव्या, ती सोडवायची. मग उलट. घराघराचे नियम वेगळे असतात, सायलीकडचे असे होते. पूर्वी हे दुसऱ्या दिवशी घरी चालायचं, आता कार्यालय रिकामं करायच्या आधी उरकतात. म्हणायला गंमत. पण पुढची सगळी वर्षं कुणाचं चालणार ते त्या सुपारीवर ठरतं, असं दोन्हीकडच्या बायका मनापासून मानतात.

सायलीनं मूठ वळली. वळली म्हणजे वळायला गेली. नखं तळहाताला टोचली आणि बोटं अर्ध्यात थांबली. खेकड्यासारखा हात झाला आणि सुपारी आपली मजेत मधे बसलेली.

आत्यांनी माझ्याकडे बघितलं. "वसुधाताई, हे काय आहे?"

"अ‍ॅक्रिलिक."

"नाव नाही विचारलं मी."

मेंदी, हळद, फोटो, भात, भाकरी, सगळ्याचा विचार आम्ही केला होता. सुपारीचा केला नव्हता. कंपनीच्या त्या शिकवणाऱ्या बाईनं नाही, टायवाल्यानं नाही, सायलीच्या आईनं नाही, आणि स्वतःच्या लग्नात दातओठ खाऊन सुपारी धरलेल्या मीही नाही.

"आमच्या घरातल्या मुलीनं आजवर सुपारी सोडलेली नाही," आत्या म्हणाल्या. "माझी तर ह्यांना अजून मिळालेली नाही."

"आत्या, कापायची नाहीत हं," सायलीचे डोळे भरून आले. "संध्याकाळी रिसेप्शन आहे. फोटोग्राफर हातांचे वेगळे फोटो काढणार आहे."

"मग हरायचं का? त्या सातारकरांसमोर?"

तेवढ्यात दारावर थाप. बाहेरून नणंदेचा आवाज आला, "वहिनी, घाबरलात का?" आणि चारपाच जणींचं हसणं. मी कल्पनाकडे बघितलं. तिचा चेहरा उतरला होता. तिला त्या क्षणी पोळपाट दिसत असणार. मलाही दिसत होता. उद्यापासून अख्ख्या कोथरूडमध्ये हेच होणार, की वसुधाताईंकडे नखं केली आणि पोरगी सुपारी हरली. यावर कुठली जाहिरात चालणार? मी काहीतरी समजुतीचं बोलायला तोंड उघडलं, तर कल्पनाच पुढे झाली.

"आत्याबाई, सुपारी कंच्या हातात धरायची असती?"

"उजव्या."

"मग उजव्याचीच घासू की. डाव्यानं कुनाचं काय वाकडं केलंय?"

बोलता बोलता तिनं पिशवीतून खरखरीत कानस काढली, नवरीच्या मांडीवर टॉवेल पसरला आणि हात ओढून घेतला. अ‍ॅक्रिलिक असं झटकन निघत नाही, ते औषधात भिजवत बसावं लागतं. पण कानशीनं आखूड करता येतं. शालूवर पांढरा भुगा उडत होता, मी तो फुंकत होते, आत्या दाराला पाठ लावून उभ्या होत्या आणि बाहेरून थापा पडत होत्या. करंगळी, अनामिका, मधलं, पहिलं, चारही बोटांपाशी आली. सायलीनं मूठ वळली. घट्ट बसली. मी अंगठ्याकडे बोट दाखवलं.

"अंगठा ऱ्हाऊ द्या," कल्पना म्हणाली. "त्यो मुठीच्या भाईर असतोय. असू द्या पहाऱ्याला."

आत्यांनी तेव्हा पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. "नाव काय तुझं?" असं त्यांनी विचारलं, आणि मग दार उघडलं.

नवरा ओंकार उंचापुरा, मनगट रुंद. त्यानं हसत हसत डावा हात पुढे केला आणि करंगळीच्या बाजूनं सुरुवात केली. सायलीनं दात आवळले. करंगळी हलेना, म्हणून तो वरच्या बाजूला आला, आणि तिथे अंगठा होता. बदामाच्या आकाराचा, अ‍ॅक्रिलिकचा. "आई गं!" तो ओरडला. पुन्हा गेला, पुन्हा ओरडला. कार्यालय हसायला लागलं. मग सातारकरांकडून तक्रार आली.

"हे चालणार नाही. हत्यार आहे हे!"

"नखं कापून खेळायचं, असा नियम कुठं आहे?" आत्यांनी वर्गात विचारावं तसं विचारलं.

"पण नखं स्वतःची पाहिजेत की नको?"

"तुमच्या मामांचे केस काढून ठेवायला आम्ही सांगितलं का?"

मामांनी डोक्याला हात लावला. ते बरोबर होतं की नाही हे मला आजही ठाऊक नाही, पण पुढे कुणी वाद घातला नाही. सुपारी सायलीच्या मुठीतच राहिली.

आता उलट डाव. ओंकारनं उजव्या मुठीत सुपारी धरली आणि सायलीचा डावा हात पुढे आला, पाचही नखं शाबूत. त्या रुंद मुठीत नख घालून ओढलं तर अ‍ॅक्रिलिक तुटत नाही, खालचं खरं नख उपटून येतं. मी डोळ्यांनी नको नको करत होते. सायलीनं मुठीला हातच लावला नाही. तिनं त्याच्या मनगटाच्या आतल्या बाजूनं पाच नखं हळूच फिरवली. तो खिदळला, मूठ सुटली, आणि सुपारी घरंगळत फोटोग्राफरच्या पायाशी गेली.

त्यानंतर जो गलका झाला त्यात मी वेगळंच काहीतरी बघत होते. बायका नवरीचे दोन्ही हात धरून बघत होत्या. एक आखूड, एक लांब. हात धुवायच्या जागेपाशी त्यांनी कल्पनाला गाठलं. आमच्याच गल्लीत गणिताचे क्लास घेणाऱ्या एक बाई होत्या, आयुष्यात कधी नेलपॉलिश न लावलेल्या. त्या हळूच म्हणाल्या, "फक्त डावा करून मिळतो का हो? उजव्यात खडू असतो माझ्या."

नखांचा संच दहाचा असतो, असं सांगायला मी पुढे होणार, तोवर कल्पना म्हणाली, "मिळतोय की."

घरी येऊन मी स्वतःच्या कपाळावर हात मारला. कणीक, भात, कुंकू, रांगोळी, खडू, सगळं आपण उजव्यानं करतो. मी चारही परीक्षा उजव्याच्या घेतल्या आणि चारही नखं नापास केली. डावा बिचारा रिकामा बसून होता, त्याला कुणी विचारलंच नाही. लांब नखं जगभर दहाच्या हिशोबानं विकतात, कारण तिकडे दोन्ही हातांत काटे-चमचे असतात. आमच्याकडे एक हात जेवतो आणि दुसरा नुसता ताटाशेजारी बसतो. हौस करायची तर त्याचीच करावी.

मग सिस्टिमही आपोआप ठरली. जेल. उजव्या नखांवर पातळ थर द्यायचा, लांबी नाही, फक्त नख तुटू नये इतपत. डाव्यावर पाहिजे तेवढं वाढवायचं. एकच डबी, एकच दिवा, वास नाही, त्यामुळे काका वरच. आणि दिव्याशिवाय जेल घट्ट होत नाही, त्यामुळे कल्पनाला मधेच थांबून मान मोकळी करता यायची. ती टेबलाला 'उजवा कणकेचा, डावा हौसेचा' म्हणायला लागली आणि गिऱ्हाइकंही तसंच मागायला लागली. डावखुऱ्या बायकांचं उलट. त्यांना आधी विचारून घ्यायचं, हे एकदा चुकल्यावर कळलं.

टायवाला आला तेव्हा हादरला. "मॅडम, हाफ सेट? असं कुठेच नसतं."

"तुमच्याकडे दहा नखं असतात," मी म्हटलं. "आमच्याकडे दोन हात असतात आणि दोघांची खाती वेगळी आहेत."

यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढून त्याला चहा विचारला. आमच्याकडे परक्याला चहा विचारणं म्हणजे विजयसभाच समजायची.

कुमुदआत्याही आल्या एकदा. खुर्चीत ताठ बसल्या आणि उजवा हात पुढे केला. "फक्त अंगठा."

"अंगठाच? का हो?"

"ह्यांनी अजून नाद सोडलेला नाही."

हॉस्टेलला दुसरी बाई मिळाली. कल्पना राहिली, चांगली काही वर्षं राहिली. मान सुधारली. मला वाटायला लागलं होतं की आता ती माझ्याकडेच राहणार. मग एक दिवस ती टॉवेलच्या घड्या घालता घालता म्हणाली, "ताई, वाघोलीत गाळा बघितलाय. पोरी लई हायत तिकडं." मी म्हटलं, "छान! कर की." हसून म्हटलं. ती गेल्यावर तिचं टेबल पुन्हा पुन्हा पुसलं, काही लागलेलं नसताना. मला राग आला होता. तिचा नाही. इतकी वर्षं जी हवी होती ती आपण होऊन चालली, आणि तिला जायला पाय मीच दिले, याचा होता. आनंदही होता, पण त्याला यायला वेळ लागला, खोटं कशाला सांगू?

पुढे मीही पार्लर बंद केलं. माझी हौस फिटली आणि गुडघे दुखायला लागले. गेल्या वर्षी कल्पनानं फार आग्रह केला म्हणून वाघोलीला गेले. शेतं कुठे राहिली आहेत? दोन्हीकडे इमारती आणि त्यांच्या खाली दुकानं. तिच्या गाळ्यात गर्दी. कॉलेजच्या मुली दोन्ही हातांना एवढाली नखं लावून बसलेल्या. त्या हातानं जेवतात की नाही देव जाणे. मी तसं विचारणार होते, पण कल्पनानं माझ्याकडे नुसतं बघितलं.

तिनं रांगेतल्या मुलींना थांबायला सांगितलं. मला स्वतःच्या टेबलापाशी बसवलं आणि माझा डावा हात उशीवर घेतला. सुरकुतलेला, शिरा आलेला हात. गेल्या कित्येक वर्षांत त्याची हौस कुणी केली नव्हती, मीही नाही.

"अगं, कशाला," मी सुरू झाले. "या वयात काय शोभतं का? आणि आधी कातडी मागे सार नीट. घाई करू नकोस. दिवा जरा अलीकडे घे. टेबल उंच झालंय का तुझं? मान बघ, मान वाकतेय…"

"ताई," ती मान वर न करता म्हणाली, "बोलू नका. हात हलतोय तुमचा."

हात खरंच हलत होता. बोलण्यानं नव्हता हलत, पण ते तिला कशाला सांगू!